डिलीट केलं, तरी जागा होईना!

खरं सांगा, तुमच्या ऑफिसच्या इनबॉक्समध्ये आत्ता किती मेल पडलेत? पाच हजार? दहा? ‘बघू नंतर’ म्हणून ठेवलेली २०१९ मधली मीटिंगची आमंत्रणं, केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या एचआरच्या दिवाळीच्या शुभेच्छा, आणि ‘सोबत फाइल जोडली आहे’ असं लिहून फाइल न जोडलेली ती मेल. सगळं आहे ना जागच्या जागी? माझंही आहे. लाजू नका.

दोष आपला एकट्याचा नाही, बरं का. १ एप्रिल २००४ ला जीमेल सुरू झालं. तेव्हा हॉटमेलवर फुकटात २ एमबी जागा मिळायची आणि यांनी एकदम १ जीबी देऊन टाकली. अनेकांना तो एप्रिल फूलच वाटला होता. मी तेव्हा दुसरीत होते. म्हणजे आमची अख्खी पिढी ‘काही पुसायचं नाही, शोधलं की सापडतं’ याच संस्कारात वाढली. मेल कुठेतरी ढगात असतात आणि जागा कुणीतरी देतं, असाच माझाही समज होता.

तो मोडला जून २०२४ मधल्या एका शनिवारी रात्री. अंधेरीतल्या एका सर्व्हर रूममध्ये, मांडीवर आईने दिलेला डबा घेऊन.

माझा दादा सिस्टिम ॲडमिन आहे. म्हणजे ऑफिसात ज्याची आठवण फक्त काहीतरी बंद पडल्यावर येते, तो माणूस. त्याची कंपनी जहाजाने माल पाठवणाऱ्यांचे कागद सांभाळते. साठेक माणसं, आणि दिवसभर स्कॅन केलेल्या बिलांच्या, इन्व्हॉइसच्या जाडजूड पीडीएफ इकडून तिकडे. मेल सर्व्हर त्यांचा स्वतःचा, ऑफिसातच. मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज २०१६.

आता एक गंमत ऐका. तुम्ही ५ एमबीची पीडीएफ साठ जणांना सीसी केलीत, तर सर्व्हरवर ती किती वेळा साठते? पूर्वीच्या एक्सचेंजमध्ये शक्यतो एकदाच ठेवायचे आणि सगळ्यांना तीच दाखवायचे. २०१० च्या आवृत्तीपासून ती सोय गेली. आता साठ माणसं, साठ प्रती. वर ‘रिप्लाय ऑल’ करून ‘नोटेड, थँक्स’ म्हणणारे महाभाग प्रत्येक ऑफिसात असतातच.

तर मे महिन्यात डेटाबेसची फाइल फुगून २४८ जीबी झाली. डिस्क होती ३०० जीबीची, आणि तिच्यातच सर्व्हरच्या बाकीच्या फायली. उरले होते ११ जीबी. डिस्क अशी काठोकाठ आली की एक्सचेंज स्वतःच बाहेरची मेल घ्यायला टाळाटाळ करायला लागतो. त्याला ‘बॅक प्रेशर’ म्हणतात. मालकांनी फर्मान काढलं : सगळ्यांनी आठवडाभरात जुन्या मेल उडवा!

लोकांनी उडवल्या. अगदी मनावर घेऊन उडवल्या. आठवड्याने दादाने फाइल बघितली. २४८ जीबी. एक एमबीदेखील कमी नाही.

‘‘साठ माणसं आठवडाभर काम सोडून डिलीट करत बसली आणि तू म्हणतोस काहीच झालं नाही?’’ मालक म्हणाले. दादा रात्री घरी येऊन वरणभात कालवत बसला. जेवला नाही.

घरातली मोहीम

त्याच दिवसांत घरी माझी एक वेगळी मोहीम चालू होती. आमचं डोंबिवलीचं टू बीएचके विकून ठाण्यात छोटं वन बीएचके घ्यायचं.

बाबा एप्रिल २०२३ मध्ये गेले. अचानक. सकाळी पेपर वाचत होते, दुपारी नव्हते. त्यांची खोली तशीच होती. पलंग, टेबल, आणि ते कपाट. बाबा बँकेत होते. त्यांनी आयुष्यात एक कागद फेकला नाही. १९९८ पासूनची लाइटची बिलं, वर्षवार, पिशवीत, पिशवीवर स्केचपेनने साल. ‘‘लागेल कधीतरी’’ हे त्यांचं ब्रीदवाक्य.

मी एक मोठं एक्सेल शीट केलं होतं. विक्रीचे किती येतील, कर्ज किती काढावं लागेल, मेंटेनन्स किती वाचेल, लोकलचा वेळ किती वाचेल. ‘‘तीन माणसांना एवढी जागा लागते कशाला?’’ हा माझा मुद्दा. आई काहीच बोलायची नाही. ‘‘बघा तुम्ही’’ म्हणायची आणि भाजी निवडायला घ्यायची. दादा म्हणायचा, ‘‘आधी माझं सर्व्हरचं संपू दे.’’

जूनमधल्या त्या शनिवारी दादाने ‘ऑफलाइन डिफ्रॅग’ करायचं ठरवलं. रात्रभर मेल बंद ठेवून. संध्याकाळी आई म्हणाली, ‘‘तो तिथे काही खाणार नाही, तू डबा घेऊन जा. आणि येताना त्याला घेऊनच ये.’’ भरपावसात मी घाटकोपरला उतरून मेट्रोने गेले. म्हटलं, एखादा लेख तरी निघेल. फ्रीलान्सरचं डोकं असंच चालतं, काय करणार!

रिकामी, पण आपलीच

सर्व्हर रूम म्हणजे काय भारी असेल असं वाटलं होतं. माळ्याएवढी खोली, एसी फुल, पंख्यांची घरघर. मी दादाची शाल पांघरून बसले.

‘‘मला एक सांग,’’ मी विचारलं, ‘‘लोकांनी मेल उडवल्या, तर फाइल लहान का नाही झाली?’’

‘‘पहिली गोष्ट म्हणजे, उडवलं की जात नाही,’’ तो म्हणाला. ‘‘डिलीटेड आयटम्समध्ये जातं. तिथून उडवलं तरी सर्व्हर ते आणखी १४ दिवस लपवून ठेवतो. कुणीतरी रडत येतंच ना, चुकून उडालं म्हणून. १४ दिवस हा न बदललेला आकडा, बदलता येतो.’’

‘‘बरं, १४ दिवसांनी?’’

‘‘१४ दिवसांनी सर्व्हर ते खरंच काढतो. पण फाइल आकसत नाही. डेटाबेस म्हणजे वही समज. ३२ केबीचं एकेक पान. मेल गेली की पान कोरं होतं, पण वहीतून फाटत नाही. पुढे नवी मेल आली की आधी त्या कोऱ्या पानांवर लिहिली जाते. या कोऱ्या जागेला व्हाइट स्पेस म्हणतात. आपल्याकडे आत्ता ९१ जीबी आहे.’’

म्हणजे २४८ जीबीच्या त्या फायलीत खऱ्या मेल १५७ जीबीच्याच होत्या. बाकी नुसती रिकामी जागा. पण डिस्कच्या दृष्टीने ती जागा अजून भरलेलीच. दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही, कारण ती वही अजून तेवढीच जाड आहे.

मी लगेच म्हटलं, ‘‘बघ! आपल्या घरासारखं. रिकामी खोली, पण मेंटेनन्स पूर्ण.’’

दादा माझ्याकडे बघून फक्त हसला. म्हणाला, ‘‘डबा उघड.’’

लहान व्हायलाही जागा लागते

भेंडीची भाजी आणि पोळ्या खाता खाता त्याने प्रोसिजर सांगितली. मला वाटलं होतं, एखादं बटण असेल. दाबलं की फाइल लहान. तसं काही नसतं. ईएसईयुटिल नावाचा एक प्रोग्राम असतो. तो जुन्या फायलीला दाबून लहान करत नाही. तो शेजारी दुसरी, नवी फाइल बांधतो. जुनीतली भरलेली पानं एकेक करून नवीत लिहितो, कोरी सोडून देतो. सगळं झालं की नवी फाइल जुनीच्या जागी बसते.

म्हणजेच हे काम चालू असेपर्यंत दोन्ही फायली ठेवायला जागा हवी. साधारण नियम असा, की डेटाबेसच्या ११० टक्के मोकळी जागा हाताशी असावी. २४८ चे ११० टक्के म्हणजे जवळपास २७३ जीबी. आणि डिस्कवर होते ११!

‘‘म्हणजे जागा करण्यासाठी आधी जागा पाहिजे?’’

‘‘हो. म्हणून ही आणली.’’ त्याने खोक्यातून १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क काढली. मित्राकडून उसनी.

मला माझं एक्सेल शीट आठवलं. जुनं विकायच्या आधी नवं बुक करायचं, त्यासाठी कर्ज, मधल्या काळात भाड्याची जागा, दोनदा टेम्पो, स्टँप ड्युटी. त्या सगळ्या ओळी मी शीटच्या तळाला बारीक अक्षरात टाकल्या होत्या. लहान व्हायचा खर्च मी धरलाच नव्हता, असं म्हणा ना.

साडेनऊला दादाने डेटाबेस डिसमाउंट केला. म्हणजे बंद. साठ जणांच्या मेलबॉक्स एका क्लिकमध्ये गायब.

‘‘आत्ता कुणी मेल पाठवली तर?’’

‘‘रांगेत थांबेल. हरवत नाही. उघडलं की आत येईल.’’

मग त्याने आणखी एक कमांड दिली आणि स्क्रीनवर एका ओळीवर बोट ठेवलं. स्टेट : क्लीन शटडाऊन. ‘‘हे दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही.’’

एक्सचेंज कुठलाही बदल आधी लॉगमध्ये लिहितो, मग सवडीने मोठ्या फायलीत चढवतो. आपण कसं किराण्याचं आधी कच्च्या कागदावर लिहितो आणि मग वहीत, तसं. नीट बंद केलं तर सगळं वहीत चढलेलं असतं, ते क्लीन शटडाऊन. आणि अचानक वीज गेली, सर्व्हर धाडकन पडला, तर अर्धं वहीत आणि अर्धं कच्च्या कागदांवर. ते डर्टी शटडाऊन. तशा फायलीवर डिफ्रॅग होतच नाही. आधी लॉग घेऊन एकेक राहिलेली नोंद चढवायची, हिशोब जुळवायचा. मगच पुढचं.

दादा हे सगळं कीबोर्डकडे बघत सांगत होता. मग जरा वेळाने म्हणाला, ‘‘बाबांचं डर्टी शटडाऊन झालं.’’

मी काही बोलले नाही.

‘‘चौदा महिने मी लॉगच चढवतोय. बँकेचं झालं, पीपीएफचं झालं. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून त्यांच्याच नावावर आहे. लाइटचं बिलही. तू शीट घेऊन बसलीस, घर विकू म्हणून. विकणार कसं? सही कोण करणार?’’

मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, दादा शनिवारी कुठे कुठे जातो ते. पण मी कधी विचारलं नव्हतं. मी एक्सेल करत होते.

काळ्या पडद्यावरचे ठिपके

दहाला त्याने कमांड दिली. मला वाटलं होतं, सिनेमात दाखवतात तसं काहीतरी झरझर पळेल. काळी खिडकी, त्यात एक पट्टी, ० पासून १०० पर्यंत आकडे, आणि खाली एकेक ठिपका. बस्स. पहिला ठिपका यायला एवढा वेळ लागला, की मला वाटलं हँग झालं.

‘‘हात लावू नकोस,’’ दादा म्हणाला.

कशाने वेळ लागेल याचं गणित सोपं आहे. डिस्क किती वेगाने वाचते आणि लिहिते, आणि खरा डेटा किती आहे. यूएसबीवरची डिस्क म्हणजे आमची स्लो लोकल. मध्येच थांबवलं तर तोवरचं काम वाया. म्हणून शुक्रवारीच पूर्ण बॅकअप घेऊन ठेवलेला.

वेळ घालवायला दादाने त्याच्या जुन्या सीनियरचे किस्से सांगितले. एक्सचेंज २००३ च्या स्टँडर्ड आवृत्तीत डेटाबेसला १६ जीबीची मर्यादा होती. ती गाठली की डेटाबेस स्वतःच बंद पडायचा. भर सोमवारी सकाळी! तेव्हा ऑफलाइन डिफ्रॅग हा रामबाण उपाय होता, लोक रात्र रात्र जागायचे. मग २००५ च्या ऑक्टोबरमध्ये सर्व्हिस पॅक २ आला, मर्यादा ७५ जीबीपर्यंत नेता यायला लागली आणि सगळे सुटले.

‘‘आता?’’

‘‘आता मायक्रोसॉफ्टच सांगते, उगाच हे करू नका. जागा हवी असेल तर नवा डेटाबेस बनवा आणि मेलबॉक्स चालू कामात तिकडे हलवा. कुणाला कळतही नाही.’’

‘‘मग तू हे का करतोयस?’’

‘‘कारण नवा डेटाबेस ठेवायला जागा नाही, हलवताना जेवढा डेटा तेवढे लॉग तयार होतात ते ठेवायला जागा नाही, आणि पुढच्या वर्षी सगळं क्लाउडवर जाणार म्हणून मालक नवी डिस्क घेऊन देत नाहीत. माझा नाइलाज आहे, म्हणून करतोय.’’ तो थांबला. ‘‘नाहीतर व्हाइट स्पेस वाईट नसते गं. ती वाया जात नाही. नवीन येणाऱ्यासाठी असते. आत्ता ९१ जीबी काढली, तरी उद्या मेल यायला लागल्या की फाइल परत वाढणारच. डिस्क भरली असेल तरच हे करायचं. नुसतं रिकामं दिसतंय, बघवत नाही, म्हणून नाही.’’

बघवत नाही. हे तो सर्व्हरबद्दलच बोलत होता. बहुतेक.

रात्रीचे दोन वाजले होते. ठिपके पन्नाशीच्या थोडे पुढे. आणि मला माझ्या एक्सेल शीटमधली सगळ्यात मोठी चूक दिसली. ‘लोकलचा वेळ वाचेल’ या ओळीत मी महिन्याचे ५२ तास धरले होते. बॉस, मी फ्रीलान्सर आहे! मी घरी बसून लिहिते. मला रोज कुठली लोकल पकडायची असते? दादाला पकडायची असते, पण तो तर कधी तक्रार करत नाही.

मला वेळ वाचवायचा नव्हताच. सकाळी चहा घेऊन हॉलमध्ये जाताना त्या खोलीचं दार लागतं. तेवढं मला टाळायचं होतं. त्यासाठी मी अख्खं घर विकायला काढलं होतं, आणि आईच्या ‘बघा तुम्ही’ला होकार समजत होते.

हे दादाला बोलले का? नाही. एवढंच म्हटलं, ‘‘शेअर सर्टिफिकेटसाठी सोसायटीत मी जाते सोमवारी. सेक्रेटरी काका मला ओळखतात.’’

‘‘जा,’’ तो म्हणाला. मग खुर्चीतच डोळे मिटले.

१५७

पहाटे सव्वापाचला पट्टी भरली. फाइल १५७ जीबी. प्रोग्रामनेच खाली सूचना दिली : ताबडतोब पूर्ण बॅकअप घ्या. कारण आतला डेटा तोच असला तरी फाइल आता वेगळी आहे. डिफ्रॅगच्या आधीचे लॉग तिला लागू होत नाहीत. जुना बॅकअप परत आणलात, तर तुम्ही त्या जुन्या दिवसापर्यंतच पोचता, पुढे नाही.

दादाने डेटाबेस पुन्हा चालू केला. त्याचा फोन टिंगटिंगटिंग वाजायला लागला. रात्रभर रांगेत थांबलेल्या मेल. एकही हरवली नव्हती. त्यातली पहिली एका बँकेची पर्सनल लोनची जाहिरात. वा रे वा!

बॅकअप लावून आम्ही खाली टपरीवर कटिंग घेतला. पाऊस थांबला होता. दादा म्हणाला, ‘‘मालक विचारतील, ९१ जीबी वाचवायला रात्रभर लागते का?’’ विचारलंच त्यांनी. सोमवारी.

मी सोमवारी सोसायटीत गेले. मग आणखी चार वेळा गेले. ऑगस्टमध्ये सर्टिफिकेटवर आईचं नाव चढलं. लाइटच्या बिलावरचं नाव बदलायला कुठलं तरी जुनं बिल हवं होतं. कपाट उघडलं, पिशवीवर स्केचपेनने साल, दोन मिनिटांत सापडलं. ‘‘लागेल कधीतरी’’! मी तिथेच पलंगावर बसून बराच वेळ रडले. चौदा दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती, पण चालायचंच.

घर विकायचं की नाही, यावर मग मी पहिल्यांदा आईला नीट विचारलं. शीट न उघडता. ती म्हणाली, ‘‘विकायचं तेव्हा विकू. पण तुझं ते टेबल हॉलमधून आधी बाबांच्या खोलीत हलव. तिथे उजेड चांगला येतो.’’ तिला बहुधा हे सहा महिन्यांपूर्वीच सुचलं होतं. मी विचारलं नव्हतं, एवढंच.

एक्सचेंज २०१६ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दादाची कंपनी त्याआधीच क्लाउडवर गेली. तो सर्व्हर बंद करायच्या दिवशी त्याने मला फोटो पाठवला, नुसता विझलेल्या दिव्यांचा. मी त्याला रिप्लायमध्ये बाबांच्या टेबलाचा फोटो पाठवला. त्यावर माझा लॅपटॉप, माझी कात्रणं, चहाचे तीन कप, आणि कपाटाच्या वरच्या खणात बिलांच्या पिशव्या. तो खण मी रिकामा केलेला नाही. बाकीचे तीन केलेत.

दादाचं उत्तर आलं : ‘‘व्हाइट स्पेस संपत आली वाटतं!’’